वही मिटा, आता गा

मंडळी, नमस्कार. बटाटेवड्यांचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे आटोपतं घेते.

आमच्या गाण्याच्या बाई फार कडक. स्वरांचे पालटे घोटून झाले की फर्मान सुटायचं, ‘वही मिटा, आता गा. घशात काय उतरलंय ते बघू.’ एक सूर ढळला तरी पहिल्यापासून. तेव्हा रडू यायचं. गेल्या उन्हाळ्यात तेरेझीनला गेले आणि बाईच डोळ्यांसमोर आल्या.

तेरेझीन प्रागपासून साठेक किलोमीटरवर. अठराव्या शतकातलं किल्ल्याचं गाव, जेमतेम सात हजार वस्तीचं. नाझींनी तिथे ज्यूंना कोंडलं आणि १९४२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांवर गेला. माळ्यावर, तळघरात, जागा मिळेल तिथे माणसं. नोव्हेंबर १९४१ मध्ये आलेल्या अगदी पहिल्या कैद्यांत राफाएल शेख्टर होते. व्यवसायाने पियानोवादक आणि गायकवृंदाचे संचालक.

त्यांनी ठरवलं, इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ‘रेक्विएम’ बसवायचा. मृतांसाठीची कॅथलिक प्रार्थना, तीही लॅटिनमध्ये! ज्यूंनी ही का गावी, असं छावणीतल्या ज्यू वडीलधाऱ्यांनीही विचारलं. शेख्टर बधले नाहीत.

आता कल्पना करा. स्वरलिपीची प्रत एक, गाणारे दीडशेच्या आसपास. दिवसभर राबून, पातळ सूपावर दिवस काढलेली माणसं रात्री तळघरात जमायची. तिथे पाय नसलेला एक पियानो. शेख्टर एकेका आवाजाची ओळ वाजवायचे, समोरचे ती म्हणायचे, चुकली की पुन्हा. अख्खी रचना, दीड तासाच्या आसपासची, अशी तोंडी घोटून घेतली. आपल्याकडे गुरुमुखातून विद्या घेतात म्हणतो ना, अगदी तसं. शब्द नुसते पाठ करून भागत नसे, प्रत्येक ओळीचा अर्थ समजलाच पाहिजे. उपाशी माणूस म्हणून सुरात सूट मिळायची नाही. मला वाटतं, त्या छावणीत त्यांना पूर्ण माणूस म्हणून वागवणारी ती एकच जागा असेल.

सप्टेंबर १९४३ मध्ये पहिला प्रयोग झाला. त्याच महिन्यात सुमारे पाच हजार कैदी ऑशविट्झला, नाझींच्या मृत्युछावणीत, धाडले गेले. गायकवृंदातले कितीतरी त्यात गेले. शेख्टरनी नवे गळे गोळा केले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पुढच्या गाड्यांनी तेही नेले. मग तिसऱ्यांदा.

२३ जून १९४४ ला रेडक्रॉसचे लोक पाहणीला आले. त्याआधी घरं रंगवली, फुलझाडं लावली, गर्दी दिसू नये म्हणून हजारोंना आधीच ऑशविट्झला पाठवलं. पाहुण्यांसाठी रेक्विएम झाला, आता साठेकच जण उरले होते. समोर एसएसचे, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचे अधिकारी. त्यांच्या तोंडावर लॅटिनमध्ये गायलं गेलं, ‘निल इनुल्तुम रेमानेबित’. काहीही शिक्षेवाचून सुटणार नाही. गाणाऱ्या प्रत्येकाला याचा अर्थ ठाऊक होता. शेख्टरांच्या हाताखालून गेलेलेच ते!

पाहुण्यांचा अहवाल मात्र अनुकूल गेला.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरच्या गाडीत शेख्टरांचाही नंबर लागला. ऑशविट्झमधून ते जिवंत सुटले, पण १९४५ मध्ये कैद्यांना पायी हाकलत नेताना वाटेतच गेले. चाळिशीही गाठली नव्हती.

तेरेझीनमध्ये त्यांच्या खोलीत राहणारा, स्वयंपाकघरात काम करणारा आणि वृंदात गाणारा एक तरुण मात्र वाचला. पुढे त्याला मुलगा झाला. नाव ठेवलं राफाएल.