लाख, खळ आणि चिकटपट्टी : वारसा-संवर्धन शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

(विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सन्माननीय अध्यक्ष, प्राध्यापकवर्ग, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि आवर्जून आलेल्या पालकहो,

सांस्कृतिक वारशाच्या वस्तूंचे संवर्धन हा विषय शिकून त्यात करिअर कसे करता येते, हे मी सांगावे अशी आयोजकांची अपेक्षा आहे. ती मी पुरी करीन. परंतु संस्थांची नावे आणि प्रवेशाच्या अटी यांच्याकडे वळण्यापूर्वी, या क्षेत्रात काम करताना माझे जे ठाम मत झाले आहे ते आधी तुमच्यासमोर ठेवतो. जुन्या वस्तूंचे नुकसान वाळवी, कसर आणि पावसाळी हवा करतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण तितकेच नुकसान, ती वस्तू टिकावी म्हणून कळकळीने केलेली दुरुस्ती करते, आणि याची चर्चा फारशी होत नाही. आज जे विद्यार्थी हे शास्त्र शिकतील, त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग आधीच्या पिढ्यांनी केलेली दुरुस्ती हलक्या हाताने उतरवण्यात जाणार आहे. म्हणून या शिक्षणाचा गाभा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की हातातला पदार्थ नेमका कशाचा आहे हे ओळखता येणे, आणि ते ओळखेपर्यंत त्याला काहीही न लावणे.

अजिंठ्याचेच पाहा. ही लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, हे शाळेपासून आपण वाचत आलो आहोत. मात्र तिथली चित्रे कशावर आणि कशी रंगवली आहेत, हे पुष्कळांना सांगता येत नाही. खाली बेसाल्टची खडबडीत भिंत, तिच्यावर भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे घालून कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो कोरडा झाल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती रचना आहे. युरोपातील चर्चच्या भिंतींवर ओल्या चुन्यावर रंग लावतात. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे बांधले जातात. अजिंठ्यात असे घडलेले नाही. तिथला रंग केवळ त्या चिकट द्रव्याच्या आधाराने मातीच्या गिलाव्यावर टिकून आहे. हवेतील ओलावा वाढला की गिलावा फुगतो, कमी झाला की आकसतो, आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यातला फरक एका वाक्यात कळेल, परंतु शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तो न कळल्याने काय झाले ते ऐका.

१८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यात चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. हे काम १८८५ पर्यंत चालले आणि ते अतिशय निष्ठेने केलेले काम होते, हे मी मुद्दाम सांगतो. धुळीने मंद झालेले रंग स्पष्ट दिसावेत म्हणून काही चित्रांवर व्हार्निश चढवले गेले. ते सुकल्यावर रंग क्षणभर उजळले असतील, पण ते व्हार्निश भिंतीवरच राहिले. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत १८८५ मध्येच जळाल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतींनाही १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीने गिळले होते. म्हणजे प्रतिकृती गेल्या आणि त्यांच्यासाठी लावलेला थर मूळ चित्रांवर शिल्लक राहिला.

पुढे १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांच्यावर सरसकट टीका करणे मला अन्यायाचे वाटते, कारण सुटत चाललेला गिलावा त्यांनी जागेवर बसवला नसता तर आज आपण पाहतो त्यातले बरेच काही खाली पडून गेले असते. मात्र पृष्ठभागावर त्यांनी लाखेचे व्हार्निश दिले. लाख म्हणजे एका किड्याने झाडाच्या फांदीवर तयार केलेली राळ. ती स्पिरिटमध्ये सहज विरघळते, चकचकीत दिसते, आणि सुताराच्या हाती फार उपयोगाची आहे. परंतु वर्षांमागून वर्षे गेली की ती पिवळी पडते, मग तपकिरी होते, धूळ आणि काजळी धरून ठेवते, आकसताना खालचा रंगाचा पापुद्रा ओढून घेते, आणि सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे तिचे रेणू एकमेकांत गुंतत जाऊन ती पूर्वीसारखी स्पिरिटमध्ये विरघळेनाशी होते. ज्या द्रव्यात ती विरघळवून लावली, त्याच द्रव्याने काही दशकांनंतर ती निघत नाही. तिला मऊ करणारे द्रावण वापरायचे, पण त्याने खालच्या रंगाचे बंधद्रव्य सुटता कामा नये, अशा अरुंद वाटेने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना गेली अनेक दशके जावे लागले आहे. कापसाच्या बोळ्याने टीचभर जागा साफ करायची, थांबायचे, पाहायचे, आणि मगच पुढे सरकायचे, अशी ती पद्धत आहे.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते तुमच्या उपयोगाचे आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणात उत्खनन करणारेच असतात, अशी समजूत आढळते. १९१७ मध्येच या खात्यात मोहम्मद सनाउल्ला यांची पुरातत्त्वीय रसायनतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या विज्ञान शाखेचे मुख्यालय आज डेहराडूनला आहे. या शाखेच्या कामातून किती अनपेक्षित गोष्टी बाहेर येतात पाहा: वेरूळच्या गिलाव्यात मातीबरोबर भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले, अजिंठ्यात मात्र ते आढळले नाहीत, आणि वेरूळच्या गिलाव्याला किडीचा उपद्रव कमी झाला त्यामागे हे कारण असावे, असे २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतीची पेशी ओळखता येणारा विद्यार्थी लेण्यांच्या इतिहासात भर घालू शकतो. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी इथे असतील तर त्यांनी याची नोंद घ्यावी.

आता माझ्या रोजच्या कामाकडे, म्हणजे कागदाकडे वळतो. आपल्यापैकी किती जणांच्या घरी आजोबांची सनद किंवा इनामपत्र दुकानातून लॅमिनेट करून आणलेले आहे? हात वर केलेत तरी चालेल; प्रत्येक सभेत अर्धे हात वर जातात आणि तुम्ही ते आपुलकीनेच केले आहे हे मला ठाऊक आहे. माझी खरी तक्रार आहे ती संस्थांबद्दल. एका संस्थेने तिच्याकडच्या मोडी कागदांचा एक अख्खा गठ्ठा उष्ण लॅमिनेशन करून घेतला आणि मग तो आमच्याकडे आणला, कारण काही कागदांवर आतून बुरशीचे डाग पडले होते. प्लॅस्टिकचा थर उष्णतेने वितळून कागदाच्या तंतूंत शिरलेला असतो, आणि तो निघेल अशी हमी मी देऊ शकत नाही. ज्या माणसाने निर्णय घेतला त्याला कागद वाचवायचाच होता. त्याला हा प्रश्न विचारणारे कोणी शेजारी नव्हते, की उद्या हे काढायचे झाले तर कसे काढणार?

मोठ्या संस्थांचेही असेच झाले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकची पातळ पटले ॲसिटोनच्या साहाय्याने कागदावर हाताने चढवण्याची पद्धत विकसित झाली. महागडे यंत्र लागत नसल्याने ती परदेशांतही स्वीकारली गेली. पुढे असे दिसून आले की सेल्युलोज ॲसिटेट हळूहळू विघटित होऊन ॲसिटिक आम्ल सोडते. जुन्या चित्रपटांच्या डब्यांना जो शिरक्याचा दर्प येतो, तो याच विघटनाचा. त्या काळच्या उत्तम ज्ञानावर आधारलेली पद्धतही अशी निघू शकते.

एका कागदावर काम कसे चालते ते सांगतो, म्हणजे या शिक्षणात काय शिकवतात हे आपोआप कळेल. समजा, पेशवाईतले एक मोडी पत्र आहे, घडीवर फाटलेले, आणि पाठीमागून कोणीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावलेली. प्रथम कागद उजेडासमोर धरून पाहायचा: हातकागद असेल तर चाळणीच्या काड्यांच्या रेषा दिसतात, आणि दौलताबाद किंवा जुन्नरचा घोटीव कागद असेल तर पृष्ठभागाची झळाळी तिरप्या उजेडात लगेच ओळखू येते. मग शाई पाहायची. काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून केलेली शाई काळी कुळकुळीत राहते, तिच्यातला कार्बन कशानेही जात नाही, परंतु डिंक पाण्याने सुटतो आणि अक्षर पसरते. याउलट एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कचेरीच्या कागदांवर मायफळ आणि हिराकस यांची शाई असते. ती काळाने तपकिरी होते आणि तिच्यातील लोह व आम्ल कागदाला आतून खातात, इतके की कधी कधी अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. अशा शाईवर, विशिष्ट रसायनात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी किंचित ओली करून क्षणभर दाबली आणि ती गुलाबी-जांभळी झाली, तर सुटे लोह शिल्लक आहे आणि या कागदाला पाण्यात घालण्यापूर्वी पुन्हा विचार केला पाहिजे, हे कळते. कोपऱ्यातल्या एखाद्या टिंबावर पाण्याचा सुईच्या टोकाएवढा थेंब ठेवायचा, टीपकागद लावायचा आणि त्यावर रंग उतरतो का ते भिंगातून पाहायचे. एवढे झाल्यावर मग चिकटपट्टीला हात लावायचा. तिची प्लॅस्टिकची फीत कोमट पात्याने उचलता येते, परंतु तिचा रबरी गोंद कागदात मुरलेला असतो आणि त्यासाठी योग्य द्रावण, हवा ओढून घेणारी पेटी आणि भरपूर संयम लागतो. शेवटी फाटलेली घडी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ यांनी जोडायची. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणून ती निवडतात. आपल्याकडचे जुने बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालीत, आणि तांब्याचे क्षार कागदाचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवून आणतात. पुस्तकाच्या पुठ्ठ्याशेजारची पाने आधी ठिसूळ होतात त्यामागे पुष्कळदा ही खळ असते.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे कबूल केलेला भाग आता भराभर सांगतो.

बारावीनंतर रसायनशास्त्राची पदवी हा सर्वांत सरळ मार्ग आहे. कला शाखेतून किंवा चित्रकलेतून येणाऱ्यांनाही दार बंद नाही, पण रसायनशास्त्राचा पाया त्यांना वेगळा भरून काढावा लागतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ पासून दिल्लीत होती. ती आता नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत सामावली आहे आणि तिथे संवर्धनात एम. ए. करता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. लखनौला १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा प्रशिक्षण देते, आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार कागदपत्रांच्या दुरुस्तीचे लहान अभ्यासक्रम चालवते. वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या प्रयोगशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र, या ठिकाणी प्रत्यक्ष काम पाहता येते. परदेशी जायचे असेल तर लंडनमधील कोर्टोल्ड संस्था भित्तिचित्रांसाठी आणि युनिव्हर्सिटी कॉलेज पुरातत्त्वीय वस्तूंसाठी नावाजलेले आहे. मात्र तिथे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तिथल्या हवामानासाठी लिहिलेले नियम कोकणातल्या पावसाळ्यात जसेच्या तसे चालत नाहीत.

शाखा अनेक आहेत: कागद, वस्त्र, धातू, लाकूड, तैलचित्रे, दगड, छायाचित्रे आणि चित्रपट. चित्रपटांसाठी आपल्या पुण्यातच १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. देवळांतील मूर्तींचे काम सर्वांत नाजूक असते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन २०१५ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी केले, तेव्हा दगडाच्या झिजेइतकाच भाविकांच्या श्रद्धेचा विचार करावा लागला होता. लाकूड किंवा वस्त्राच्या जुन्या संग्रहांवर पूर्वी विषारी कीटकनाशके मारलेली असू शकतात, म्हणून हातमोजे आणि मुखपट्टी यांत हयगय करू नये.

पालकांनी आधीच चिठ्ठीवर उत्पन्नाविषयी विचारले आहे. सरकारी पदांना ठरलेली वेतनश्रेणी आहे, पण पदे थोडी आणि भरती अनियमित. खासगी काम प्रकल्पाप्रमाणे मिळते, आणि सुरुवातीची काही वर्षे त्यात सलगता नसते. दुसरीकडे, आपल्या राज्यात वाड्यांत, देवस्थानांत, नगरवाचनालयांत आणि पतपेढ्यांच्या कपाटांत जितका जुना कागद आहे तितके काम करणारे हात नाहीत, आणि प्रत्येक जिल्ह्याला निदान एक प्रशिक्षित कागद-संवर्धक मिळावा ही मागणी मी जिथे बोलायची संधी मिळते तिथे करतो. ती इथेही करतो.

ज्यांना खरोखर यायचे आहे त्यांनी दोन गोष्टी पदवी पूर्ण होण्याची वाट न पाहता सुरू कराव्यात. मोडी लिपी शिका, म्हणजे कागद उलटा ठेवला जाणार नाही आणि मजकूर कुठे तुटतो ते कळेल. दुसरे म्हणजे, आपल्या गावातल्या जुन्या वाचनालयाच्या परवानगीने तिथे आर्द्रतामापक ठेवा, जून ते सप्टेंबर रोज ठरावीक वेळी आकडा वहीत लिहा, कोणत्या कपाटात बुरशी आधी दिसली आणि कोणत्या भिंतीला ओल होती ते शेजारी नोंदवा, आणि प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या.