सव्वाचार मोठं की साडेचार?

वाळवा तालुका, जिल्हा सांगली. सकाळचे साडेसहा. दूध संकलन केंद्रावर कॅनची रांग लागलीय. आजीबरोबर पाचवीतली नात आलीय. पावती हातात पडते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. काल संध्याकाळी साडेचार लिटर, आज सव्वाचार. पोरगी चटकन म्हणते, "आजी, पाव लिटर कमी भरलं की गं!"

अकरा वाजता तीच पोरगी वर्गात. फळ्यावर ४.५ आणि ४.२५. मोठी संख्या कोणती? ती ४.२५ वर बोट ठेवते. कारण साधं आहे. ती वाचते 'चार पॉइंट पंचवीस', आणि पंचवीस पाचापेक्षा मोठे. 'चार पूर्णांक दोन पाच' असं वाचायची सवय लागली की ही चूक बरीच कमी होते. पण खरी मेख वेगळीच. सव्वा, साडे, पाऊण हे घरचं गणित तोंडात आहे, दशांश कागदावर. दोघांची गाठ कोणी घालून दिलेली नाही.

म्हणून बाई मुलांना दहा दिवसांच्या, म्हणजे एका बिलाच्या, वीस पावत्या आणायला सांगतात. रकमेचा रकाना दुमडून. कुणाच्या घरात किती पैसा येतो हे वर्गाला कळायचं कारण नाही. ही काळजी घेतली नाही तर पावत्या यायच्या बंद होतात. ज्यांच्या दारात जनावर नाही, त्यांना किराणा दुकानाची चिठ्ठी चालते.

पावतीवर ४.५० छापलेलं असतं. तिथे चूक लपते, कारण पन्नास पंचविसापेक्षा मोठे दिसतातच. बाई फळ्यावर लिहिताना शेवटचं शून्य पुसतात. मग दोन्हींची बेरीज, ४.५ अधिक ४.२५. पूर्ण संख्येच्या सवयीनं मुलं उजवी बाजू जुळवतात आणि उत्तर येतं ४.७०. दोन वेळचं दूध पावणेपाच लिटरसुद्धा नाही? गोठा माहीत असलेलं पोर इथं हसतं, आणि स्वतःच टिंबाखाली टिंब आणतं. ८.७५. पावणेनऊ.

घरच्या मदतीतही एक खाच आहे. ५२ वजा २७. शाळेत पाचातला एक दशक सुटा करतात: वर उरले ४. घरी कुणी जुन्या रीतीनं वरचे ५ तसेच ठेवून खाली २ चे ३ करतं. दोन्ही रीती बरोबर, उत्तर २५. पोर मात्र दोन्ही एकदम वापरतं, चारातून तीन, आणि १५ लिहितं. पालक म्हणतात शाळेत शिकवत नाहीत, शाळा म्हणते घरी लक्ष नाही.

हे पालकसभेत फळ्यावर मांडायला दहा मिनिटं पुरतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पण सभा दुपारी ठेवली तर माणसं रानात असतात. संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर ठेवा, लोक येतात.

आणि रोज घरी एकच तोंडी प्रश्न: आज दूध कालपेक्षा किती कमी-जास्त? त्याला अक्षरओळख लागत नाही. आजी उत्तर देते, "पाऊण लिटर जास्त." नात वहीत लिहिते, ०.७५.