शोकाला पाने हवीत

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचे आहे ते जपानी शोनेन मांगांतील, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या चित्रकथांतील, कथनाविषयी. ज्या घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्या घराला गोकू, नारुतो आणि लुफी यांची ओळख करून देण्याची गरज नाही. साप्ताहिकात दर आठवड्याला एकोणीस-वीस पानांचे एक प्रकरण छापून येते आणि पुढे त्या प्रकरणांची पुस्तके निघतात, हेही आपणांस ठाऊक आहे. म्हणून मी थेट मुद्द्यावर येते. आजच्या शोनेन मालिकांतील चित्रे देखणी आहेत, लढाया डोके लावून रचलेल्या आहेत, आणि तरीही वाचून झाल्यावर मनात फार काही रेंगाळत नाही, अशी तक्रार अनेक वाचक करतात. मला त्या तक्रारीचे मूळ एका जागी दिसते. या मालिकांत माणसे मरतात, परंतु मागे राहिलेल्यांना शोक करण्यासाठी पाने मिळत नाहीत. हे वाक्य लक्षात असू द्यावे, कारण मी फिरून त्याच्याकडेच येणार आहे: माणसे मरतात, पण शोकाला पाने मिळत नाहीत.

उदाहरण अलीकडचे घेऊ. गेगे आकुतामी यांची ‘जुजुत्सु कायसेन’ ही मांत्रिकांच्या लढायांची मालिका ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात मार्च २०१८ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत चालली. एकूण २७१ प्रकरणे झाली. तिच्यातील सातोरू गोजो हा शिक्षक सर्वांत बलवान आणि वाचकांचा अत्यंत लाडका. सप्टेंबर २०२३ मध्ये सुकुना या बलाढ्य शत्रूशी चाललेली त्याची झुंज शिगेला पोहोचली, आणि २३५व्या प्रकरणाच्या शेवटी गोजो जिंकला असे आपल्याला सांगण्यात आले. २३६वे प्रकरण उघडले, तर गोजो एका विमानतळावर आपल्या दिवंगत सोबत्यांशी बोलत बसला आहे, आणि प्रकरण संपता संपता कमरेतून दुभंगलेला त्याचा देह समोर येतो. ज्या घावाने तो पडला, तो घाव बसताना आपण पाहिलेलाच नाही. त्याच प्रकरणात पुढचा योद्धा मैदानात उतरतो, त्याच्यामागून आणखी एक, मग आणखी एक. पुढे तर गोजोचा मृतदेहसुद्धा लढाईच्या कामी आणला जातो. धक्का जबरदस्त होता, हे मला मान्य आहे. परंतु ज्या विद्यार्थ्यांना त्याने घडवले, ते त्याच्यासाठी नीट रडले केव्हा, हे मी शोधत राहिले. याच मालिकेत नोबारा ही नायकाची वर्गमैत्रीण १२५व्या प्रकरणात, म्हणजे २०२० मध्ये, जिवावर बेतणारी जखम होऊन कोसळते, आणि ती जगली की गेली याचे उत्तर २०२४ मध्ये, २६७व्या प्रकरणात मिळते. चार वर्षे तिच्यासाठी ना धड सुतक, ना धड आशा. उलट, आपले तंत्र शत्रूला समजावून सांगितले की त्याचा प्रभाव वाढतो, असा नियमच या कथेत असल्यामुळे ऐन मारामारीत समजावणीला हवी तेवढी जागा मिळते. नियमांना पाने मिळतात. शोकाला मिळत नाहीत.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची आहे, आणि ती मी सावकाश सांगणार आहे. ‘आशिता नो ज्यो’, म्हणजे ‘उद्याचा ज्यो’, ही मुष्टियुद्धाची कथा १९६८ ते १९७३ या काळात ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात येत होती. लेखन इक्की काजिवारा यांचे, जे या मालिकेसाठी आसाओ ताकामोरी हे टोपणनाव वापरत, आणि चित्रे तेत्सुया चिबा यांची. टोकियोतील रोजंदारी मजुरांच्या गरीब वस्तीत ज्यो याबुकी नावाचा एक अनाथ, भांडखोर मुलगा येतो. डान्पेई हा एका डोळ्याचा, दारूत बुडालेला माजी मुष्टियोद्धा त्याच्यात भावी विजेता पाहतो. ज्यो गुन्ह्यांपायी कोठडीत जातो, तेव्हा डान्पेई त्याला पोस्टकार्डांवर मुष्टियुद्धाचे धडे लिहून पाठवतो. पहिला धडा सरळ डाव्या हाताच्या ठोशाचा. पुढे सुधारगृहात ज्यो डुकरांचा कळप उधळून त्या गोंधळात पळून जाऊ पाहतो आणि तेथे त्याची वाट एक जण अडवतो. तो तोरू रिकिइशी. नाव पुन्हा सांगते: रिकिइशी. हा आधीपासूनच व्यावसायिक मुष्टियोद्धा, उंचापुरा, ज्योपेक्षा डोके-दीड डोके वरचढ.

ही उंचीच पुढे सगळ्याच्या मुळाशी आली. चिबांनी रिकिइशीला सुधारगृहात प्रथम रेखाटले तेव्हा तो धिप्पाड काढला, कारण नायकाची वाट अडवणारा माणूस तसाच दिसायला हवा. परंतु दोघांची गाठ व्यावसायिक रिंगणात घालायची ठरल्यावर वजनगटाचा प्रश्न उभा राहिला. एवढा मोठा माणूस ज्योच्या बॅन्टमवेट या हलक्या वजनगटात उतरणार कसा? चित्रातील ही अडचण झाकून टाकता आली असती. तसे न करता ती कथेचा कणा झाली: रिकिइशी वजन उतरवतो. अन्न तोडतो, मग पाणीही तोडतो. गाल बसतात, डोळे खोल जातात. एका रात्री तहानेने वेडापिसा होऊन तो व्यायामशाळेत पाणी शोधत फिरतो, पण तेथील नळ तारेने घट्ट बांधून ठेवलेले असतात. तेव्हा योको शिराकी ही त्याची हितचिंतक तरुणी त्याला कोमट पाण्याचा पेला आणून देते. तो तिचे आभार मानतो आणि ते पाणी ओतून टाकतो. मांगांत मी आजवर पुष्कळ स्फोट पाहिले, डोंगर दुभंगताना पाहिले, परंतु त्या एका पेल्याएवढे ताकदीचे चित्र क्वचितच पाहिले आहे. (जाता जाता सांगते, पूर्वी रेडिओवर क्रिकेटचे वर्णन करणारे चांगले समालोचक चेंडू टाकण्यापूर्वी क्षणभर गप्प राहत असत, त्या शांततेची किंमत आता सर्वच माध्यमे विसरत चालली आहेत, असे माझे ठाम मत आहे.)

सामना होतो. रिकिइशी ज्योला बाद करतो, जिंकतो. हरलेला ज्यो अभिनंदनासाठी हात पुढे करतो, आणि तो हात हातात घेण्याआधी रिकिइशी कोसळतो. सामन्यात ज्योचा ठोसा त्याच्या कानशिलावर बसलेला असतो, रिंगणाच्या दोरावर डोके आपटलेले असते, आणि उपासाने पोखरलेल्या शरीरात ते सोसण्याचे बळ उरलेले नसते. तो मरतो. हे वाचकांनी वाचले १९७०च्या फेब्रुवारीत.

आणि २४ मार्च १९७० रोजी त्याची अंत्यविधी-सभा झाली. तारीख पुन्हा सांगते: २४ मार्च १९७०. ज्या माणसाचा जन्म केवळ कागदावर झाला होता, त्याची ही खरीखुरी अंत्यविधी-सभा टोकियोत, साप्ताहिकाच्या प्रकाशकांच्या म्हणजे कोदान्शाच्या सभागृहात झाली. कवी आणि नाटककार शूजी तेरायामा व त्यांची तेन्जो साजिकी ही नाट्यमंडळी यांनी ती घडवून आणली. याच तेरायामांनी त्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीताचे शब्द लिहिले होते. सभागृहात मुष्टियुद्धाचे रिंगण उभारले होते, बौद्ध भिक्षूने सूत्रपठण केले, आणि मुष्टियोद्ध्याला निरोप देण्याच्या रीतीप्रमाणे घंटेचे दहा टोल देण्यात आले. सुमारे ७०० लोक आले होते. सातशे माणसे एका काल्पनिक मुष्टियोद्ध्यासाठी उभी राहिली, ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी माझा आवाज थोडा हलतो. आठवड्याने, ३१ मार्चला, जपानी विमानाचे अपहरण करणाऱ्या गटाने आपल्या निवेदनात स्वतःला ‘उद्याचे ज्यो’ म्हणवून घेतले. ती तुलना मला मुळीच मान्य नाही. वस्तीतल्या त्या पोराचा लढा रिंगणात होता, निःशस्त्र प्रवाशांशी नव्हता.

परंतु माझ्या दृष्टीने या गोष्टीचा गाभा सभागृहात नाही, तो पुढच्या प्रकरणांत आहे. रिकिइशी गेल्यावर ज्यो लगेच सूड घ्यायला निघत नाही, कारण सूड कोणाचा घ्यायचा? तो भटकतो. परत रिंगणात उतरतो तेव्हा त्याला प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही. मारला की त्याला रिंगणातच उलटी होते. लोक त्याला संपलेला समजतात, आणि तो गावोगाव फिरणाऱ्या हलक्या दर्जाच्या सामन्यांपर्यंत घसरतो. कार्लोस रिवेरा हा परदेशी मुष्टियोद्धा येईपर्यंत त्याला आपला हात परत मिळत नाही. साप्ताहिक हेच, वाचक मुलेच, दर आठवड्याला पाने देण्याची ओढाताण हीच. तरीही शोकाला पाने मिळाली.

मग आज ती का मिळत नाहीत? थोडक्यात सांगते. वाचकांच्या पोस्टकार्डांवरून मालिकेची लोकप्रियता मोजण्याची ‘शोनेन जम्प’ची पद्धत जुनीच आहे, आणि मागे पडलेली मालिका काही आठवड्यांतच बंद होऊ शकते, हेही जुनेच. नवे आहे ते असे की, २०१९च्या जानेवारीपासून अधिकृत ॲपवर नवे प्रकरण जगभर एकाच वेळी वाचता येते आणि तासाभरात त्याचा निकाल लागतो. ज्या प्रकरणात कोणी कोणाला मारत नाही, ते प्रकरण अशा निकालात हरते, आणि लेखकाला ते ठाऊक असते. मधल्या आठवड्याची वाट पाहणे हेसुद्धा वाचनाचाच भाग आहे, असे मी मानते. छापण्याआधी फुटलेली पाने मोबाइलवर वाचणाऱ्या मुलांना पालकांनी हे जरूर सांगावे.

जुने सगळे सोन्याचे होते, असे मात्र म्हणणे खोटे ठरेल. अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’वर माझे प्रेम आहे, १९८४ ते १९९५ या काळातील त्याच्या ५१९ प्रकरणांनी या प्रकाराला त्याची चालती भाषा दिली. परंतु तेथे मेलेला माणूस सात जादूचे गोळे जमवले की परत येतो, आणि हे पुन्हा पुन्हा घडल्यावर मृत्यूचा भार उरत नाही. म्हणजे उणीव आजचीच आहे असे नाही. आज ती अधिक दिसते, कारण आजच्या मालिकांत माणसे खरोखर मरतात.

आणि नव्यांपैकी ज्या मालिकांना सर्वांत मोठे यश लाभले, त्यांपैकी एक नेमकी येथेच वेगळी वागते. कोयोहारू गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’, फेब्रुवारी २०१६ ते मे २०२०, प्रकरणे २०५. रेल्वेगाडीच्या लढाईनंतर आकाझा या राक्षसाच्या हातून क्योजुरो रेन्गोकू हा राक्षसांशी लढणारा योद्धा मरतो. त्यानंतर कथेचा नायक तान्जिरो, स्वतःची जखम भरलेली नसताना, रेन्गोकूच्या घरी जातो. दारात धाकटा भाऊ उभा असतो. वडील दारू प्यालेले असतात आणि मेलेल्या मुलाविषयी वाईट बोलतात; तान्जिरो त्यांच्याशी भांडतो, चक्क डोक्याने टक्कर मारतो. मग भाऊ आत जाऊन वडिलांना मुलाचा अखेरचा निरोप सांगतो, प्रकृतीला जपा एवढाच, आणि ते पाठमोरे बसलेले वडील रडू लागतात. निघताना तो भाऊ तान्जिरोला रेन्गोकूच्या तलवारीची परज देतो, म्हणजे मुठीपुढची, हात वाचवणारी ती लोखंडी चकती. पुढे ती परज तान्जिरोच्या नव्या तलवारीला बसवली जाते, आणि कित्येक प्रकरणांनंतर आकाझा पुन्हा समोर येतो तेव्हा ती तान्जिरोच्या हातातल्या तलवारीवर असते.

नमस्कार.