चाळीस यार्डांच्या आत

[दृश्य: पहाट. घरामागचं अंगण. खुर्चीत बसलेला माणूस, हातात धनुष्य.]

पहाटेचे साडेपाच. हा माणूस खुर्चीत बसून बाण मारतोय. आधी मला वाटलं, वय झालंय, गुडघे दुखत असतील. विचारलं तर म्हणाले, "पंधरा ऑगस्टला मला उभं राहायला कोण देणार आहे?"

हे आमचे शेजारी. निवृत्त सुतार, वय 64. अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला राहतात. इथून शेजारच्या वायोमिंग राज्याची हद्द गाडीने पाऊण तासावर. त्या हद्दीपलीकडच्या एका प्राण्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी ते अकरा वर्षं रांगेत होते. यंदा जूनमध्ये त्यांचा नंबर लागला.

रांग म्हणजे खरोखरच रांग. वायोमिंगमध्ये शिकारीसाठी राज्याचे विभाग पाडलेत आणि कुठे किती परवाने द्यायचे ते दरवर्षी ठरतं. परराज्यातल्या माणसाने अर्ज करायचा. नंबर लागला नाही तर खात्यात एक गुण जमा करायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. म्हाडाच्या सोडतीसारखंच, फक्त इथे जुन्या अर्जदाराला वजन असतं. शेजाऱ्यांचा नंबर आता लागेल, मग लागेल असं चाललेलं असताना 2022-23चा हिवाळा आला. बर्फाचा कडक थर बसला, खालचं खाणं मिळेना, त्यात फुप्फुसांची साथ. हजारो जनावरं मेली. राज्याने परवाने कापले आणि रांग आणखी लांबली. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. "जनावरंच नसतील तर परवाना घेऊन करू काय?"

[दृश्य: सेजब्रशच्या झुडपांचं माळरान. दूरवर पांढरे-तांबूस ठिपके.]

तो प्राणी हा. प्रॉन्गहॉर्न. इथले शिकारी याला सरळ 'बकरा' म्हणतात आणि ही सवय आजची नाही. सप्टेंबर 1804 मध्ये अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने हा प्राणी पहिल्यांदा मारला, तेव्हा त्यांनीही त्याला बकराच म्हटलं होतं. प्रत्यक्षात हा ना बकरा, ना हरीण, ना काळविटासारखा खरा अँटिलोप. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरलाय, आणि हयात असलेले सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि जिराफाच्याच कुळातला ओकापी. शिंगाला पुढे फाटा असतो. आतलं हाड कायम राहतं, वरची खोळ मात्र दरवर्षी गळून नवी येते.

माझं लहानपण कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरीच्या काळविटांच्या शेजारचं. त्यामुळे पहिल्यांदा हा कळप पाहिला तेव्हा छातीत काहीतरी हललं. तेच उघडं माळरान, तीच एकदम सुटणारी धाव. पण काळविटाला पळताना पाहिलेल्या माणसालाही हा चकवतो. ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जातो. आज इथे त्याला गाठू शकेल असा एकही प्राणी नाही. मग एवढा वेग कशासाठी? काही शास्त्रज्ञ म्हणतात की हिमयुगात इथे चित्त्यासारखं एक मांजरकुळातलं जनावर होतं. ते सुमारे 12,000 वर्षांपूर्वी संपलं, आणि हा अजून त्याच्याच भीतीने पळतोय. मला हे स्पष्टीकरण फार आवडतं.

पण धनुष्यवाल्याची खरी अडचण वेगाची नाही, डोळ्यांची आहे. भले मोठे डोळे, डोक्याच्या दोन्ही कडांना. मान न वळवताही मागचं बरंच दिसतं. माळावर आडोसा म्हणाल तर गुडघाभर झुडपं. एकाला संशय आला की तो पार्श्वभागावरचे पांढरे केस फुलवतो, आणि तो पांढरा इशारा लांबचा कळपही वाचतो. बंदूकवाला दोन-तीनशे यार्डांवरून काम भागवतो. शेजाऱ्यांची लक्ष्मणरेषा 40 यार्डांची. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक टाकल्या तर 44 यार्ड होतात, त्याहूनही कमी.

[दृश्य: गावाबाहेरचं सरावाचं मैदान. फोमचं जनावर.]

इथे साठ यार्डांवरून त्यांचे पाच बाण एका ताटात बसतात. मग चाळीसचाच हट्ट का? तर हिशेब असा. बाण सेकंदाला साधारण 93 यार्ड जातो, म्हणजे चाळीस यार्डांना जेमतेम 0.43 सेकंद. दोरी सुटल्याचा आवाज तिथे 0.11 सेकंदात पोचतो. उरलेला तिसरा हिस्सा सेकंद त्या जनावराचा. तेवढ्यात ते खाली दबतं, वळतं आणि बाण फुप्फुसाऐवजी पोटात बसतो. पोटात बाण घेऊन गेलेलं जनावर कदाचित सापडतच नाही. फोमचं जनावर दबत नाही, एवढाच मैदानातला आणि माळावरचा फरक. ऐंशी यार्डांवरून मारल्याच्या फुशारक्या मारणारे कमी नाहीत. मला विचाराल तर ती नेमबाजी असेल, पण ती शिकार नव्हे.

धनुष्य कंपाउंड. दोन्ही टोकांना कप्प्या. ओढताना 27 किलोंचा जोर लागतो, पण कप्प्या फिरल्या की हातात पाच-सहा किलोच उरतात. म्हणून ताणलेलं धनुष्य मिनिटभर धरता येतं. आणि धरावं लागतं, कारण जनावर नेमकं त्याच वेळी मान वर करतं.

आता हे जवळून पाहा. डाव्या हाताच्या दोन नखांवर बाण आडवा ठेवलाय आणि उजव्या बोटांनी ते तो गरकन फिरवताहेत. टोकाला शिकारीचं पातं, वस्तऱ्यासारखं. पातं थरथरलं तर टोक सरळ बसलेलं नाही. तो बाण वेगळा. बाराशे वेळा मारलेले साधे टोकाचे बाण इथे कामाचे नाहीत. पात्यांना वारा लागतो, बाण फाकतो, म्हणून सगळं पुन्हा जुळवायचं. बारापैकी सात पास झाले. पाच त्यांनी कपाटावर ठेवून दिले, एक शब्द न बोलता.

[दृश्य: अंगणात उभारलेला कापडी तंबू.]

हा ब्लाइंड. लपून बसायचा घडीचा तंबू, आतून काळा. पाण्याजवळ तो लावायचा, पहाटे अंधारात आत शिरायचं आणि अंधारातच बाहेर यायचं. आत काळे कपडे, कारण खिडकीतून काळ्यावर काळं दिसत नाही. खुर्चीचं कोडं इथे सुटलं.

आणि जुलैतला हा प्रसंग त्यांनी कापू नका म्हणून मुद्दाम सांगितला. तंबूच्या खिडकीतून निशाणीचा ठिपका लख्ख दिसत होता. दोरी सोडली. फट्! बाण तंबूच्याच कापडात. नजर वरून जाते, बाण तिच्याखाली चार बोटांवर असतो, आणि ती चार बोटं खिडकीच्या कडेखाली गेली होती. अकरा वर्षांची वाट त्या भोकातून गेली असती. ते भोक बायकोने शिवून दिलं. पांढऱ्या दोऱ्याने, म्हणून वरून काळा मार्कर.

जागा वायोमिंगच्या रेड डेझर्टमधली. सरकारी जमीन, गुरांसाठीची पाण्याची टाकी. पंधरा दिवस आधी तंबू लावून ठेवला, जनावरांना त्याची सवय व्हावी म्हणून. मग अर्ध्या किलोमीटरवरून दुर्बीण. कोण कुठून येतं, वारा कुठला. दुसऱ्याच दिवशी वळीव आला. आपल्याकडे माणसं पावसासाठी आभाळाकडे बघतात. हा माणूस पाऊस जावा म्हणून बघत बसला. खळग्याखळग्यात पाणी साचलं की टाकीवर कोण येणार? तीन दिवस एकही जनावर फिरकलं नाही. चौथ्या दिवसापासून ऊन तापलं आणि ते पहिल्यांदा हसले.

[दृश्य: गाडीच्या टपावर सपाट कापडी गाय.]

ही गाय बघून मात्र मी हसलो नाही. पाण्यावर जमलं नाही तर दुसरा बेत. कापडावर छापलेली गाय पुढे धरायची, तिच्याआड वाकून माळ चालायचा. प्रॉन्गहॉर्न गुरांना बुजत नाही. आजोबा सांगायचे, आमच्याकडे गाय पारधी हेच करत, आणि त्यांची गाय खरी असे. शिकवलेली. ती चरत-चरत पुढे सरकायची, तिच्या पोटाआडून माणूस. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी तीनदा विचारलं, "आणि ती गाय पळून जात नसे?" ज्यांचं हे कसब, त्या लोकांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवलं आणि 1972च्या कायद्याने आपल्याकडची शिकारच थांबली, हेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

त्यांच्या देशानेही हे जनावर जवळजवळ संपवलंच होतं. 1920च्या दशकात जेमतेम 30,000 उरली होती. आज लाखांत आहेत. 1937च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांकडे वळवला, पुढे धनुष्यबाणही त्यात आले. सात बाणांवरही तो कर भरलेला आहे.

शेवटची तयारी बर्फाची. दोन मोठ्या पेट्या, गोठवलेल्या पाण्याचे कॅन. या जनावराचे केस आतून पोकळ असतात, थंडीत ऊब देणारे. ऑगस्टात तेच मांस नासवतात. म्हणून कातडं लगेच काढायचं, मांस लगेच बर्फावर. या मांसाला वास येतो म्हणणारे बहुधा गाडीच्या टपावर जनावर मिरवून आलेले असतात.

[दृश्य: अंधार. तंबूची चेन ओढल्याचा आवाज.]

पंधरा ऑगस्ट. तिकडे केव्हाच झेंडावंदन आटोपलं असेल. धनुष्याचा हंगाम आज उघडला. मी मागच्या खुर्चीवर, काळ्या शर्टात. दहापर्यंत आत भट्टी झाली. अकराला एक मादी आली, मागे दोन पिल्लं. बावीस यार्डांवर पाणी प्यायली. तिच्या नाकावरचे थेंब मोजता आले असते. शेजाऱ्यांनी धनुष्याला हातही लावला नाही, त्यांना नरच हवा होता.

मग नर. अंतर मोजणारा रेंजफाइंडर डोळ्याला लागला आणि ओठ हलले: 91. थोड्या वेळाने 74. मग 68. आणि तो तिथेच बसला. पाय दुमडून, तोंड आमच्याकडे करून, रवंथ करत.

एक वाजला. दोन. शेजाऱ्यांनी धनुष्य मांडीवर ठेवलं, एक घोट पाणी घेतलं, बाटली जराही आवाज न करता खाली ठेवली.

साडेतीनला नर उठला. अंग झटकलं. दोन पावलं पुढे आला.

66.