पचिनोचा ‘क्रुझिंग’: खुनी सापडतो, तरी सापडत नाही

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं बोलतोय. आधीच सांगतो, आज शेवट फोडणार आहे. सिनेमा १९८० चा आहे, त्यामुळं नंतर बोंब मारायची नाही.

‘क्रुझिंग’. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन, तोच ‘एक्झॉर्सिस्ट’वाला. हिरो अल पचिनो. न्यूयॉर्कमध्ये गे पुरुषांचे खून पडतायत, आणि मेलेली माणसं दिसायला साधारण पचिनोसारखीच. म्हणून स्टीव्ह बर्न्स नावाचा हा तरुण पोलीस खोट्या नावानं, चामड्याचं जॅकेट घालून लेदर क्लबांत, म्हणजे चामड्याचे कपडे घालणाऱ्या गे पुरुषांच्या क्लबांत शिरतो. गोष्ट एवढीच.

आता हा सिनेमा आपल्या पब्लिकला दाखवला तर काय होईल? खासबागेत कुस्ती बरोबरीत सोडवल्यावर जे होतं तेच. आपल्याला पाठ टेकलेली बघायची असते राव!

पोलीस एकाला पकडतात. स्टुअर्ट रिचर्ड्स, कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी. बोटाचा ठसा जुळतो. झालं की मग! पण तो म्हणतो, मी कुणाला मारलेलं नाही. आणि तो पोलिसांच्या ताब्यात असतानाच स्टीव्हचा शेजारी टेड मरून पडलेला सापडतो. त्याला कुणी मारलं? टेडच्या बॉयफ्रेंडनं? की स्टीव्हनं? सिनेमा उत्तर देत नाही.

बरेच जण इथंच थांबतात आणि ‘स्टीव्हच खुनी’ म्हणून मोकळे होतात. मला त्यापेक्षा फ्रीडकिनची एक लबाडी जास्त महत्त्वाची वाटते. वेगवेगळ्या खुनांत खुनी म्हणून त्यानं वेगवेगळे नट उभे केलेत. एका खुनात जो मारतोय, तोच नट दुसऱ्या ठिकाणी मरणारा म्हणून दिसतो. आवाज मात्र सगळीकडं एकच, वरनं डब केलेला. स्टुअर्टच्या डोक्यात बोलणाऱ्या बापाचा आवाजही तोच. आणि तो बाप केव्हाच मेलाय! म्हणजे पुरावे जुळवत बसलात तरी खुनी एका माणसात मावतच नाही, तशी सोयच करून ठेवलीय.

आणखी एक सीन बघाच. क्लबात एका रात्री सगळे पोलिसांच्या गणवेशात आलेत. आणि हाकलतात कुणाला? स्टीव्हला! त्या सगळ्या गर्दीत खरा पोलीस तेवढा एकटाच, आणि तोच तिथं शोभत नाही. सुरुवातीला रस्त्यावर छळ करणारा एक गस्तीचा पोलीसही पुढं क्लबात दिसतो. कायदा कुठला आणि हौस कुठली, ही रेघच पुसून टाकलीय. इथं फ्रीडकिनला सलाम.

पण हे सगळं कुणाच्या जिवावर चाललंय? १९७९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या ग्रीनिच व्हिलेज या गे वस्तीत शूटिंग सुरू असताना गे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. पत्रकार आर्थर बेलनं ‘व्हिलेज व्हॉइस’ या तिथल्या साप्ताहिकात शूटिंग बंद पाडा म्हणून लिहिलं होतं. लोकांनी शिट्ट्या, भोंगे वाजवले, गच्चीवरनं आरसे धरून लायटिंगची वाट लावली. आवाज इतका बिघडला की बरेच संवाद पुन्हा डब करावे लागले.

मला ते आंदोलन चुकीचं वाटत नाही. खुन्याला चेहरा नसला की संशय सगळ्या वस्तीवर जातो. आणि ज्या लोकांवर आधीच पोलीस, घरचे, शेजारी सगळे संशय घेतायत, त्यांना ‘अहो, ही कलात्मक संदिग्धता आहे’ म्हणून कसं समजवणार? सिनेमाच्या सुरुवातीला एक पाटी टाकली होती, की यातनं सगळ्या समलिंगी समाजावर आरोप करायचा नाही. अशी पाटी लावावी लागते, यातच काय ते आलं.

माझा खरा राग टेडवरनं आहे. नाटकं लिहिणारा, कॉफी प्यायला बोलवणारा, साधा माणूस. क्लबाबाहेरचं रोजचं जगणं त्याच्याकडनंच आपल्याला दिसतं, आणि त्यालाच मारून त्याच्या प्रेताचा क्लू केलाय. १९८१ मध्ये आपल्याकडं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. त्यातली बाईवर प्रेम करणारी नायिका मित्रा, तीही शेवटी जगत नाही, पण ती जाते तेव्हा ती कोण होती, हे आपल्याला पक्कं माहिती असतं. टेडबद्दल असं म्हणता येत नाही.

तरी आज कितीतरी क्वीअर प्रेक्षक हा सिनेमा जपून ठेवतात, आणि त्याचं कारण खुनी नाहीच. क्लबातली गर्दी बघा. त्यातले बरेच जण खरोखर तिथं जाणारे लोक होते. १९८१ च्या जूनमध्ये एड्सच्या पहिल्या केसेसची नोंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत ते जग उद्ध्वस्त झालं. म्हणून लोक हा सिनेमा पॉज करकरून मागचे चेहरे बघतात.

शेवटी स्टीव्ह दाढी करतोय, आणि बाहेरच्या खोलीत त्याची गर्लफ्रेंड नॅन्सी त्याचंच जॅकेट, टोपी, गॉगल चढवते. सगळे पचिनोच्या नजरेवर बोलतात, मला नॅन्सी जास्त छळते. कारण तिला ते कपडे अंगावर आवडलेत की नाही, तेही कळत नाही.

कॉमेंटमध्ये भांडा बिनधास्त. फक्त ‘स्टीव्हच खुनी’ लिहिणार असाल, तर कुठल्या शॉटवरनं ते पण लिहायचं.