स्ट्रट्स-कॉन्फिग : एका फाइलमधला कारभार

[दृश्य : मॉनिटर. एक लांबलचक एक्सएमएल फाइल वरून खाली सरकते आहे.]

ही स्ट्रट्स-कॉन्फिग डॉट एक्सएमएल. स्ट्रट्स म्हणजे जावामध्ये वेब ॲप्लिकेशन बांधायचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क; ही त्याची मांडणी सांगणारी फाइल. राहते वेब-इन्फ नावाच्या फोल्डरात. ब्राउझरला ती कधीच दिसत नाही, कारण वेब-इन्फमधलं काहीही सर्व्हर थेट बाहेर देत नाही. पण कुठलं बटण दाबलं की कुठला जावा क्लास चालतो, कुठला फॉर्म भरला जातो, माहिती चुकली तर माणूस कुठल्या पानावर परत येतो, हे सगळं इथे लिहिलेलं आहे.

पुण्यातल्या एका ऑफिसमध्ये आपण आहोत. समोर बसलेल्या मॅडम बरीच वर्षं याच ॲप्लिकेशनचा मेंटेनन्स बघतात. नव्या प्रोजेक्टचं कौतुक होतं, केक कापला जातो. मेंटेनन्सच्या टीमची आठवण येते ती सिस्टिम बंद पडल्यावर.

[दृश्य : जुनी जेएसपी फाइल. एचटीएमएल, एसक्यूएल आणि जावा एकमेकांत मिसळलेलं.]

जेएसपी म्हणजे ज्याच्या आतच जावा लिहिता येतो असं वेब पान. स्ट्रट्सच्या आधी बरंच काम असं चालायचं. टेबल काढणारा एचटीएमएल, त्यातच डेटाबेसची क्वेरी, त्याखाली इफ आणि एल्स, सगळं एका पानात. क्रेग मॅक्लॅनहन यांनी हे सुटं करणारा फ्रेमवर्क लिहिला आणि मे २००० मध्ये तो अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आला. जावाचा वेब सर्व्हर टॉमकॅट, त्याच्या ४ या आवृत्तीचा कॅटलिना हा गाभाही मुख्यतः त्यांच्याच आराखड्यावर उभा आहे. २००१ मध्ये स्ट्रट्सची १.० आवृत्ती आली, आणि पुढची काही वर्षं जावाच्या क्लासेसचा क्रम ठरून गेला : कोअर जावा, ॲडव्हान्स्ड जावा, मग स्ट्रट्स आणि डेटाबेससाठीचा हायबरनेट. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींची पहिली नोकरी या क्रमातून आली.

[दृश्य : वेब डॉट एक्सएमएल. कर्सर एका ओळीवर थांबतो.]

सुरुवात इथून होते. ॲप्लिकेशनची मूळ मांडणी सांगणाऱ्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये ॲक्शनसर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या स्वीकारणारा स्ट्रट्सचा जावा क्लास, नोंदवलेला असतो आणि त्याला सांगितलेलं असतं : ज्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट डू’ असेल, ते सगळं तुझ्याकडे. सर्व्हर सुरू होताना हा सर्व्हलेट स्ट्रट्स-कॉन्फिग वाचून घेतो. म्हणून फाइल बदलली की साधारणपणे ॲप्लिकेशन पुन्हा सुरू करावं लागतं. नवीन मुलं हे विसरतात आणि आपला बदल लागूच होत नाही म्हणून तासभर शोधत बसतात.

आता फाइल जवळून पाहू. वर फॉर्म-बीन्स, म्हणजे भरलेली माहिती धरून ठेवणारे क्लास; मग ग्लोबल-फॉरवर्ड्स, म्हणजे सगळीकडून वापरता येणारी पुढची पानं; त्याखाली ॲक्शन-मॅपिंग्ज, म्हणजे कुठला पत्ता आला की कुठला क्लास चालवायचा त्या जोड्या. हा क्रम डीटीडीनेच, म्हणजे एक्सएमएल फाइलची रचना ठरवणाऱ्या नियमांनीच, बांधून दिलेला आहे.

फॉर्म-बीनच्या एका ओळीत दोनच गोष्टी : नाव आणि क्लास. नाव ‘नोंदणीफॉर्म’, क्लास ॲक्शनफॉर्मपासून तयार केलेला. खाली ॲक्शनची ओळ. तिच्यात पाथ, टाइप, नेम, स्कोप (फॉर्म किती काळ जपून ठेवायचा), व्हॅलिडेट (माहिती तपासायची का) आणि इनपुट. यातला ‘नेम’ हा ॲक्शनचं नाव नाही. तो वरच्या फॉर्म-बीनचं नाव आहे. या दोन ओळींना जोडणारा धागा एवढाच. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, कॅपिटलचं स्मॉल झालं, तरी तो तुटतो.

[दृश्य : कागदावर बाण काढणारा हात.]

मॅडम नव्या माणसाला शिकवताना कीबोर्डला हात लावू देत नाहीत. आधी कागद. विनंती आली, पाथ जुळला, मॅपिंग सापडलं. मॅपिंगमध्ये फॉर्मचं नाव आहे, मग तो फॉर्म सांगितलेल्या स्कोपमध्ये आधीपासून आहे का ते पाहिलं जातं. नसेल तर नवा बनतो. मग त्याचा रीसेट चालतो, म्हणजे फील्ड पूर्ववत करायची मेथड. मग ब्राउझरने पाठवलेली एकेक किंमत, म्हणजे भरलेली माहिती, फील्ड भरणाऱ्या सेटर मेथडमधून आत जाते. मग व्हॅलिडेट. चूक सापडली तर ‘इनपुट’मध्ये लिहिलेल्या पानावर परत. सगळं ठीक असेल तरच एक्झिक्यूट, म्हणजे ॲक्शनचं खरं काम. त्यातून मिळालेल्या ॲक्शनफॉरवर्डवरून पुढचं पान ठरतं.

जेएसपीमधला फॉर्मचा टॅगसुद्धा याच मॅपिंगवर उभा आहे. पान दाखवतानाच तो विचारतो : या पाथचं मॅपिंग कुठे आहे? नसेल तर पान उघडतच नाही, आणि लॉगमध्ये ओळ येते, ‘कॅनॉट रिट्रीव्ह मॅपिंग फॉर ॲक्शन’. माणसाने अजून एकही अक्षर टाइप केलेलं नसतं.

“क्लास नंतर उघड. आधी पाथ जुळतोय का बघ,” मॅडम शेजारच्या मुलाला सांगतात.

[दृश्य : तीन पानांचा नोंदणीचा फॉर्म. पहिल्या पानावर एक चेकबॉक्स.]

त्या दिवशी टेबलावर आलेली तक्रार ही. ‘मला ईमेलवर माहिती पाठवा’ या चौकोनातली खूण काढली, पुढे गेलं, परत मागे आलं, तर खूण तशीच.

कारण ब्राउझरमध्ये आहे आणि कॉन्फिगमध्येही. खूण नसलेल्या चेकबॉक्सबद्दल ब्राउझर काहीच पाठवत नाही. ‘नाही’ असंसुद्धा नाही. किंमत आलीच नाही, तर सेटर चालणार नाही. इथे स्कोप लिहिलेला नाही, आणि स्ट्रट्स १ मध्ये स्कोप लिहिला नाही तर सेशन, म्हणजे त्या माणसाची पूर्ण भेट, धरला जातो. म्हणजे फॉर्म तोच, मघाचाच, आणि त्यातली ‘हो’ तशीच बसलेली.

उपाय रीसेटमध्ये. किंमती भरण्याआधी रीसेट चालतो, तिथे चेकबॉक्सचं फील्ड फॉल्स करायचं. शेजारच्या मुलाने तसं केलं. पहिलं पान सुधारलं. पण दुसरं पान पाठवल्यावर पहिल्या पानावरची खरी खूणही पुसली गेली, कारण तिन्ही पानांना फॉर्म एकच, आणि प्रत्येक पानाला रीसेट चालतो.

[दृश्य : रीसेट मेथडची ओळ मोठी करून.]

रीसेटला दोन गोष्टी हातात मिळतात : मॅपिंग आणि रिक्वेस्ट. मॅडम त्यातलं मॅपिंग वापरतात. मॅपिंगचा पाथ पहिल्या पानाचा असेल, तरच चेकबॉक्स पुसायचा. रीसेट होताना पानावरच्या किंमती अजून फॉर्ममध्ये आलेल्या नसतात, त्यामुळे पान कोणतं हे फॉर्मला विचारून उपयोग नसतो. मॅपिंगला मात्र ते माहीत असतं. फॉर्म आणि मॅपिंग एकमेकांना किती लागून आहेत, हे ज्याला ठाऊक त्यालाच हा उपाय सुचतो. असं काम कुठल्याही रिपोर्टमध्ये एक ‘क्लोज्ड तिकीट’ म्हणून जातं. त्यामागचं ज्ञान मोजायला आपल्या ऑफिसांमध्ये रकाना नाही, आणि तो असायला हवा.

[दृश्य : सर्व्हर रूम. लॉग वेगाने सरकतो.]

स्ट्रट्स १ ची शेवटची आवृत्ती, १.३.१०, २००८ ची. २०१३ मध्ये अपाचेने तिचा आधार संपल्याचं जाहीर केलं, आणि २०१४ मध्ये समोर आलं की याच फॉर्म भरण्याच्या वाटेने ‘क्लास’ नावाचं पॅरामीटर पाठवून हल्लेखोर क्लासलोडरपर्यंत, म्हणजे जावाचे क्लास आत आणणाऱ्या भागापर्यंत, पोहोचू शकतो.

[दृश्य : मीटिंग रूम. भिंतीवर मॅपिंग्जची छापील यादी, पेनाने केलेल्या खुणा.]

म्हणून हे ॲप्लिकेशन आता हलवायचं ठरलं आहे. स्ट्रट्स २ हा वेबवर्क नावाच्या दुसऱ्या फ्रेमवर्कमधून आलेला वेगळाच फ्रेमवर्क आहे. त्यात वेगळा ॲक्शनफॉर्म लागत नाही, फील्ड ॲक्शनमध्येच राहतात, आणि प्रत्येक विनंतीला नवा ॲक्शन ऑब्जेक्ट बनतो. स्ट्रट्स १ मध्ये एकच ऑब्जेक्ट सगळ्यांना पुरतो. तिथे ॲक्शनमध्ये इन्स्टन्स व्हेरिएबल ठेवलं, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर जाऊ शकते. स्प्रिंग या आणखी एका जावा फ्रेमवर्ककडे गेलं तर पत्ते ॲनोटेशनच्या, म्हणजे कोडमधल्याच खुणांच्या, रूपाने त्या त्या क्लासवर लिहिले जातात.

कुठेही गेलं तरी यादी हीच लागणार. भिंतीवरच्या प्रत्येक ओळीपुढे मॅडमनी तीन गोष्टी लिहायला लावल्या आहेत : फॉर्म कोणत्या स्कोपमध्ये आहे, व्हॅलिडेट चालू आहे का, आणि इनपुटचं पान खरंच आहे का. काही ओळींवर आडवी रेघ आहे; ते पाथ आता कुठलंच पान वापरत नाही, ते हलवायचे नाहीत. लॉगिनचं मॅपिंग पहिलं घेतलं आहे. तीन पानांची नोंदणी शेवटी, कारण तिथला रीसेट नव्या ठिकाणी वेगळ्या पद्धतीने लिहावा लागेल.