बेथानीची पाटी

इंदूरच्या छावणीतलं हे आमचं फाटक. स्क्रीनवर जी निळी पाटी दिसतेय ना, पत्र्याची, डावा कोपरा गंजून गेलेला, 'बेथानी' हे घराचं नाव लिहिलेली, ती सात महिने इथे नव्हती आणि तेवढ्यावरून बाबा आणि काका सात महिने एकमेकांशी बोलले नाहीत.

झालं काय, नाताळाआधी फाटकाला रंग दिला, पाटी उतरवली आणि ती गायबच झाली. जानेवारीत काका विजयनगरला फ्लॅटमधे गेले, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, दारावर पाटी, 'बेथानी'. बाबांनी फोन पालथा ठेवला, म्हणाले, घर सोडलं ते सोडलं, नावपण घेऊन गेला! विचारलं कोणीच नाही. ग्रुपवर मात्र टोमणे सुरू. बायबलात नीतिसूत्रे १८:१३ मधे ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याला सरळ मूर्ख ठरवलंय, आमच्याकडे तर प्रश्नाआधीच उत्तर तयार होतं.

आजीला आता दिसत नाही, संध्याकाळी बायबल मी वाचून दाखवतो. जुलैत यहोशवाचा २२वा अध्याय आला. खरं सांगू, मी तो कधी नीट वाचलाच नव्हता. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देन नदीपलीकडे आपापल्या वतनाला निघतात आणि नदीकाठी एक भली मोठी वेदी बांधतात. बाकीच्यांना वाटतं, वेगळी वेदी मांडून यांनी देव सोडला, आणि सगळे शिलोला जमतात, थेट लढाईच्या तयारीने. पण आधी फिनहास याजक आणि दहा सरदार त्यांच्याकडे जातात. जाऊन काही गोड बोलत नाहीत हां, आल्याआल्या आरोप, पौराचं जुनं मूर्तिपूजेचं प्रकरण, आखानाचं जुनं चोरीचं प्रकरण, सगळं उकरून काढतात, अगदी आपल्यासारखं. पण त्यातच हेही म्हणतात, तुमची जमीन अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यात वतन घ्या. मला तरी ही ओळ सगळ्यात भारी वाटली. आणि मग गप्प बसून ऐकतात. उत्तर येतं, ही वेदी होमासाठी नाहीच, हा नुसता परमेश्वराच्या वेदीचा नमुना, उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणाली की मधे यार्देन आहे, तुमचा परमेश्वराशी काय संबंध, तर दाखवायला.

आजी म्हणाली, "थांब. बाबाला बोलाव."

मत्तय १८ मधे येशू सांगतो, भाऊ चुकला तर आधी दोघंच असताना बोला, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर न्या, मंडळीला, म्हणजे चर्चला, सगळ्यात शेवटी सांगा. आमच्याकडे मंडळी आधी, म्हणजे ग्रुप. त्या रविवारी बाबा एकटेच गेले, बरोबर पोहे, वरून घालायचा जीरावण मसाला वेगळा बांधून.

दारात उभे राहून पाटीच बघत बसले म्हणे. अॅक्रिलिकची होती, चारही कोपरे शाबूत.

"दादा, पोरं विचारायला लागली, आपण आता बेथानीवाले नाही का, म्हणून बनवून घेतली," काका म्हणाले.

संध्याकाळी दोघं इकडे आले, माळा उपसला. नाताळच्या ताऱ्याच्या खोक्यामागे पेपरात गुंडाळलेली पाटी निघाली, वरून सुतळी, तिला दुहेरी गाठ. अशी गाठ घरात फक्त बाबा मारतात. काका गाठीकडे बघत राहिले, बाबा माळ्याकडे.

"दादा, स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवलायस?"